चौथ्या सिलिंडरचा दाब

माझी जुनी गाडी धूर ओकायला लागली तेव्हा ती भंगारात घालावी असं माझं मत होतं. आमच्या घरात माझं मत विचारतात, मानत नाहीत. "इंजिन मी खोलतो," बाबा म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी अंगणातल्या पत्र्याखाली बोनेट उघडून बसले.

बाबा बोटींच्या इंजिनांचे मिस्त्री. श्रीवर्धनच्या बाजूला आमचा कोळीवाडा. पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची, इतकी इंजिनं. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालणंबोलणं सावरलं, पण उजव्या हाताची पकड गेली ती गेलीच. हे त्यांना मान्य नव्हतं. तपासायला डॉक्टरांनी बोटं पुढे केली तरी ती न धरताच "हात बरा हाय" म्हणायचे. पण नाखव्यांना, म्हणजे बोटींच्या मालकांना, डोळे असतात. यंदा एकही इंजिन आलं नाही. शेजारचा नाखवा तेवढा येऊन म्हणाला, "पोरीची गाडी होऊं दे दादा, मंग माझ्या इंजिनाचं बघू." वाईट मनाने नव्हता म्हणाला. त्याचं सगळं घर त्या एका बोटीवर. पण त्या दिवसापासून गाडी माझी राहिली नाही, ती बाबांची परीक्षा झाली. मलाच जास्त धडकी भरली, आणि मी घाबरले की चिडचिड करते.

आषाढ सरत आला तेव्हा इंजिन जुळलं. नव्या रिंगा, नवी बेरिंगं, नवं गॅस्केट. मी म्हटलं, "चला, मारू चावी." बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी मासळी न धुता कालवणात टाकायला निघाले होते.

"आधी दाब बघायचा."

पिस्टन वर येताना हवा दाबतो. त्याच्याभोवतीच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह घट्ट असतील तर ती हवा पळत नाही, आणि प्लगच्या भोकात गेज लावलं की काटा चढतो. काही चुकलं असेल तर ते इंजिन सुरू करायच्या आधी कळतं. सुरू केल्यावर कळलं तर आत ओरखडे पडून सगळी मेहनत पाण्यात. गाडीला चालेल असं गेज आमच्याकडे नव्हतं, म्हणून मी कुरकुरत बोर्लीच्या गॅरेजवर गेले आणि मागून आणलं.

परत आले तर बाबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तयार. चारही प्लग त्यांनी आंघोळीआधीच काढून ठेवलेले. ओटीवर नाखवा चहा घेत बसलेला. आई त्याच्या मागे भिंतीला टेकून उभी होती आणि पदराचं टोक पिळत होती.

मी गाडीत बसून ॲक्सिलरेटर दाबायचा आणि चावी फिरवायची, बाबांनी गेज बघायचं, असं ठरलं. बोनेट वर असल्यामुळे मला समोरचं काही दिसेना. खालच्या फटीतून फक्त बाबांचे हात दिसत होते. डावा गेज धरून, उजवा नुसता टेकलेला. मी चावी फिरवली. पहिलं सिलिंडर झालं, दुसरं झालं, चारही झाली.

"किती?" मी ओरडले.

नाखवाच उठून जवळ गेला, काटा बघितला. "दादा, चांगलाच चढलाय की. चारीबी सारखे."

मी आनंदाने खाली उतरले. बाबांचा चेहरा मात्र पडलेला. "नवी रिंग अजून घासून बसली न्हाय," ते म्हणाले. "ती एवढा दाब देणार न्हाय." त्यांनी गेजची नळी नाकाशी नेली. मग माझ्यापुढे धरली. खोबरेल तेलाचा वास येत होता.

आमच्याकडे खोबरेल केसांना लावतात, तव्याला लावतात, दाराच्या बिजागरीलाही लावतात. आईच्या माहेरची बोट पावसाळाभर बसून अडली की तिचे वडील सिलिंडरमध्ये हाताला येईल ते तेल सोडायचे. रिंगांच्या फटी तेवढ्यापुरत्या बुजतात, दाब चढतो, इंजिन पकडतं. आईने ते लहानपणापासून बघितलेलं. बाबा आंघोळीला गेले तेवढ्यात तिने चारही भोकांत चमच्याचमच्याने तेल सोडलं होतं.

"नापास झाले असते तर?" ती एवढंच म्हणाली, तेही माझ्याकडे बघून. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मलाही हेच सुचलं असतं तर मीही केलं असतं.

बाबा चिडले नाहीत. भोकांवर फडकं धरून त्यांनी मला पुन्हा चावी फिरवायला लावली. बरंचसं तेल फडक्यात आलं, उरलेलं खाली उतरेपर्यंत थांबलो. नाखव्याला उठून जाता आलं असतं, तरी तो थांबला. मग पुन्हा गेज. तीन सिलिंडरांत काटा बेताचा पण सारखा चढला. चौथ्यात निम्म्यावरच अडकला. मी तीनदा चावी फिरवून बघितली, जणू माझ्या हट्टाने तो चढणार होता.

आता बाबा गेजला दोष देतील, बॅटरीला देतील, मला तर देतीलच, असं वाटलं. दिला असता तर मी निमूट घेतला असता.

"व्हॉल्व्ह बरे हायत," बाबा म्हणाले. "व्हॉल्व्हातनं पळती हवा तेलानं थांबत न्हाय. हिच्या तेलानं थांबली, म्हंजे रिंगच तुटली. बसवताना." थोडा वेळ ते उजव्या हाताकडे बघत राहिले. मग नाखव्याकडे वळून म्हणाले, "रिंगा दाबून धरायला पट्टी आवळावी लागते, अन् वरून ठोकावं लागतं. त्याला दोन हात लागतात. माझ्याकडं दीडच हाय."

झटका आल्यापासून हे ते कुणाजवळ बोलले नव्हते. मी तोंड फिरवून गेज पुसत बसले, कारण मला रडू आवरेना.

नाखव्याने कप ओटीवर ठेवला. "दादा, नारळी पौर्णिमेला अजून अवकाश हाय," तो म्हणाला. "गाडीचं झालं की माझं इंजिन आणतो."

आई तोवर हात धुऊन, पदर खोचून गाडीपाशी येऊन उभी राहिली होती.

"पट्टी कुठनं आवळायची ते दावा," ती बाबांना म्हणाली. "ठोका तुमी."