शेजारच्या दाराचं कुलूप

मी कुलपं उघडायला शिकले ती माझ्या गुडघ्यामुळं. दसऱ्याच्या आधी ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दोन महिने घरात बसा म्हणून बजावलं. जिल्हा परिषदेच्या शाळांमधून सगळी नोकरी उभ्यानं झालेली, निवृत्त होऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि आता खुर्चीत बसून नुसता पंखा बघायचा. स्वभाव मुळात तिरसट, त्यात हे बसणं. आमचे हे तीन दिवसांत बेजार झाले. वावरात काम नसलं तरी वावरात जाऊन बसायला लागले.

मोबाइलवर विणकामाचे व्हिडिओ बघत होते, तर मध्येच एक चष्मेवाला माणूस आला. हिंदी बोलणारा. त्यानं दोन बारीक सळया कुलपात घातल्या, जरा खुडबुड केली, आणि किल्लीशिवाय कुलूप उघडलं. मी तो व्हिडिओ परत लावला, मग परत. खरं सांगते, मला राग आला. ज्या वस्तूच्या भरवशावर आपण घर सोडून आठ-आठ दिवस लग्नाकार्याला जातो, ती इतकी लेचीपेची? संध्याकाळपर्यंत त्या माणसाचे सगळे व्हिडिओ बघून झाले आणि दुसऱ्या दिवशी मी शिकायचं सामान मागवून मोकळी झाले.

पार्सलात सळयांचा एक संच होता आणि आतलं सगळं दिसावं असं एक पारदर्शक कुलूप. आत एका ओळीत पाच पिना, प्रत्येकीच्या डोक्यावर स्प्रिंग. एका चपट्या पट्टीनं कुलपाला हलका पीळ देऊन धरायचं आणि दुसऱ्या हातातल्या, टोकाला वळलेल्या सळईनं एकेक पिन वर उचलायची. ती जागेवर बसली की बोटाला बारीक टिक् लागतं. पाचही बसल्या की कुलूप सुटतं. ऐकायला सोपं आहे. मला पहिली पिन बसवायलाच चार दिवस लागले. पीळ जास्त झाला की सगळ्या अडकायच्या, कमी झाला की बसलेल्याही खाली यायच्या. पहिलीचा वर्ग असाच असतो, एकाला बसवावं तर तिकडं दुसरं उठतं. आयुष्यात किती लेकरांना मी 'एवढं सोपं जमंना का रे तुला' म्हणून तोडून बोलले असेन. त्या चार दिवसांत एकेकाचं तोंड आठवलं आणि मनातल्या मनात सगळ्यांची माफी मागितली.

पाचव्या दिवशी कुलूप उघडलं. मी ते ह्यांच्या ताटाशेजारी नेऊन ठेवलं. ह्यांनी घास गिळला आणि विचारलं, "आता पुढं काय, बँक का?"

पण दुसऱ्या दिवसापासून हेच माझ्यासाठी कुलपं गोळा करून आणायला लागले. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीचं, कुणाच्या गोठ्याचं, बाजारात भंगारवाल्याकडं पडलेलं. खिशातून काढून माझ्यापुढं ठेवायचे आणि हातपाय धुवायला जायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, माणसानं कधी गजरा आणला नाही, पण कुलपं आणली. मला त्यात काही कमी वाटलं नाही.

आता शेजारणीचं सांगते. आमच्या झरी गावात, आमच्या गल्लीतली चार घरं दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येतात. शेजारची सून त्यातलीच; नवरा-बायको दोघं जातात. मी येलदरीकडच्या एका शाळेवर असताना ती माझ्या वर्गात होती. लग्न होऊन नेमकी माझ्याच भिंतीला भिंत लागून आली. गल्लीतल्या बाकी सुनांची मी काकू, हिची मात्र बाईच राहिले. जाताना घराची किल्ली माझ्याकडं ठेवायची आणि काम एकच सांगायची: दर अमावास्येला घर उघडून झाडायचं आणि देवापुढं दिवा लावायचा. "देव घरात एकटे हायत बाई, अंधारात नका ठेवू." त्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन यायचा. "लावला का बाई?" "लावला." मग अर्धा मिनिट पायाचं, पोटाचं, तिकडच्या थंडीचं बोलायची आणि ठेवायची. एवढ्यासाठी ती दिवसभर ऊस तोडून फोन लावते, हे मला फार गोड वाटायचं.

व्हिडिओतला तो माणूस प्रत्येक वेळी सुरुवातीला मिनिटभर काहीतरी बोलायचा. ते मी पुढं ढकलायचे. प्रश्न वाचल्याशिवाय उत्तर लिहायला घेणाऱ्या पोरांच्या हातावर पट्टी मारणारी मी. तो काय सांगायचा ते फार उशिरा ऐकलं: दुसऱ्याच्या कुलपाला हात लावू नका, आणि वापरातल्या कुलपावर शिकू नका.

मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, रीतीप्रमाणं, सगळी गल्ली रानात जेवायला गेली होती. मी गुडघ्यामुळं मागं. शेजारी दिवा लावायचाच होता. किल्ली खिळ्याला होती. मी ती तिथंच राहू दिली आणि सळया घेतल्या. घर उघडायचा अधिकार आपल्याला दिलेलाच आहे, मग कशानं उघडलं याला काय महत्त्व, असा मी स्वतःशीच निकाल लावला. मांडी घालता येत नव्हती म्हणून प्लास्टिकची खुर्ची ओढत नेली आणि तिच्या दारासमोर बसले. दहा मिनिटांत कुलूप उघडलं. इतका आनंद झाला की दिवा लावायच्या आधी ते परत लावून परत एकदा उघडलं.

पुढच्या अमावास्येपर्यंत हे यश माझ्या डोक्यात गेलं होतं. विकतच्या सळया मला आता जाड वाटायला लागल्या. लोखंड कापायच्या करवतीचं पातं ह्यांच्या धार लावायच्या दगडावर घासून मी स्वतःची सळई केली. दिसायला देखणी झाली होती. पौष अमावास्येला दुपारी, बाया कापूस वेचायला गेलेल्या असताना, मी खुर्ची नेली. तीन पिना बसल्या. चौथीला जरा जोर लावला आणि सळईचं टोक आतच मोडलं. पातं कडक असतं, वाकत नाही, एकदम तुटतं. हे त्या माणसानं सांगितलेलं असणार.

घरातून किल्ली आणली. ती अर्ध्यातच अडायला लागली. शिवणयंत्राचं तेल सोडलं, सुईनं उकरलं, कुलूप उलटं करून ठोकलं. टोक काही निघालं नाही. दिवस कलला तशी मी घरून पणती आणली आणि बाहेर, बंद दाराच्या उंबऱ्यावर लावली. थोड्या वेळानं फोन वाजला.

"लावला का बाई?"

"लावला," मी म्हटलं.

खोटं नव्हतं. निदान मी स्वतःला तसं समजावलं.

ह्यांनी सरळ उपाय सांगितला. "कापून टाकू. नवं लावू. अन् तिला फोन करून सांग खरं काय ते." मी ऐकलं नाही. मीच अडकवलंय, मीच काढीन, हा ताठा. रोज दुपारी खुर्ची घेऊन जायचे आणि हात हलवत परत यायचे. गल्लीत कुणी विचारलं तर कुलूप जाम झालंय म्हणायचे. माघ अमावास्या उंबऱ्यावर, फाल्गुन अमावास्याही उंबऱ्यावर. दर वेळी फोन, दर वेळी "लावला." शेवटच्या वेळी ती म्हणाली, "तुमी हाव म्हणून मला तिकडली काळजी न्हाई बाई." मी भाजी करपायलीय असं सांगून फोन ठेवला. चुलीवर काहीच नव्हतं.

पाडव्यानंतर दोन दिवसांनी ते आले. ती वाळून कोळ झालेली, हाताला पट्ट्या बांधलेल्या, डोक्यावर बोचकं. मला बघून हसली. कमरेच्या पिशवीतून तिच्याजवळची दुसरी किल्ली काढली, कुलपात घातली, हलवली, परत घातली.

"आत जाईना की बाई. गंजलं जणू."

आमचे हे माझ्याकडं बघत होते. मी हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं.

"गंजलं नाही," मी म्हटलं. "मी बिघडवलंय." आणि सगळं सांगितलं. सळया, वेळ अमावास्या, मोडलेलं टोक, सगळं. ती ऐकत होती. बोचकं अजून डोक्यावरच होतं.

"किल्ली दिली होती ना तुमच्यापाशी?"

"होती."

"मंग कामून?"

मी बोचकं उतरवून घ्यायला हात पुढं केला; तिनं ते स्वतःच खाली ठेवलं.

"अन् दिवा?"

"उंबऱ्यावर लावला. बाहेरून. तीन अमावास्या."

"मला तर लावला म्हणून सांगायलाव तुमी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शाळेतही ती अशीच होती, कुणी पाटी फोडली तरी भांडायची नाही, फुटक्या पाटीकडं बघत राहायची. ह्यांनी करवत आणून कुलूप कापलं. ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. परत आल्यावर पहिल्या संध्याकाळचं जेवण त्यांचं आमच्याकडं असतं, दर वर्षी. मी वरण-भात, वांग्याची भाजी करून ठेवली होती. बोलवायला गेले तर म्हणाली, "केलंय मी." घरात पीठ नव्हतं हे मला माहीत होतं.

सळया बिस्किटाच्या डब्यात भरून कपाटावर टाकल्या. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, महालक्ष्म्या झाल्या. ती बोलायची, पण कामापुरतं. बाई म्हणायची, पण ओट्यावर टेकायची नाही. मला रात्रंदिवस एकच घोर लागला होता: दिवाळी झाली की ही किल्ली कुणाकडं देणार? गल्लीत काय म्हणतील ते म्हणोत, त्याचं मला फारसं नव्हतं. पण ती दुसऱ्या दाराशी किल्ली घेऊन गेली असती तर मला ते बघवलं नसतं. माझ्या हातून शिकलेल्या पोरीनं मला नापास केलं असतं, आणि बरोबर केलं असतं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी ती आमच्या ओट्यावर आली. पदरात तीन नवी कुलपं. "दुकानदाराला सांगून आणलेत, दोन वापस द्यायचेत. उघडून दावा."

"मी सोडलंय ते."

"सोडलं कामून? जमतंय तर दावा."

ह्यांनी डबा काढून दिला. ती पायरीवर बसली, गुडघ्यावर हनुवटी टेकून, माझ्या हाताकडं बघत. पहिलं कुलूप दोन मिनिटांत उघडलं. तिनं ते बाजूला सारलं. दुसऱ्याला अर्धा तास लागला, चहा गार झाला, पण तेही उघडलं. तिसरं वेगळंच होतं, जाडजूड, गोल भोकाचं, आत पिनांऐवजी लिव्हरच्या पट्ट्या असलेलं. माझ्या एकाही सळईला आत धरायला काही सापडेना.

"हे नाही उघडत."

"खरंच का, का मला बरं वाटावं म्हणून?"

"खरंच."

"अजून एकदा बगा."

परत बघितलं. घाम फुटला, बोटं दुखायला लागली. मुद्दाम हरायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही, तेवढी मी चांगली नाही. "नाही गं," मी शेवटी म्हटलं. तेव्हा ती हसली, कुलूप कापलं त्या दिवसानंतर पहिल्यांदा. "मंग हेच घेते," म्हणाली आणि कुलपं गोळा करून गेली.

ती गेल्यावर मला भडभडून आलं. मी ह्यांना म्हटलं, "बघितलं? मला उघडणार नाही असं कुलूप हुडकायला आली होती." ह्यांनी उठून माझा चहा परत गरम करून आणला.

चार दिवसांनी सकाळी गल्लीच्या तोंडाशी ट्रक उभा राहिला. भांडी, बोचकी, कोंबड्यांची टोपली चढली. मी दारात उभी होते. मागायचं नाही, एवढं ठरवलं होतं. तिनं दार ओढलं, कुलूप लावलं, दोनदा हिसका देऊन बघितलं. मग रस्त्याकडं न जाता माझ्याकडं आली आणि माझा हात उघडून त्यात किल्ली ठेवली. एक नाही, दोन. एकाच लाल दोऱ्यात बांधलेल्या.

"एक तुला लागंल ना," मी म्हटलं. "परत आल्यावर?"

"तिकडं उसाच्या पाचटात पडली तर कुठं हुडकू? दोनी ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी." वाकून नमस्कार केला आणि ट्रककडं पळाली. तिकडून हाका मारायला लागले होते.

म्हणजे पाडव्याला आली की आपल्याच घरात शिरायला तिला आधी माझ्या दाराशी यावं लागणार होतं. तिला हे कळत नव्हतं असं नाही. ट्रक जिंतूर रोडला लागला तरी मी मूठ मिटून तिथंच उभी होते, डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. हे म्हणाले, "चल आत. किती उभी ऱ्हाशील, गुडघा दुखंल."

"दुखू द्या," मी म्हटलं.