अब्बासभाईंच्या डोळ्यातलं फूल

डोळ्यांच्या वॉर्डात किस्से जरा जास्तच साठतात. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, मान हलवायची नाही. मग माणसाजवळ उरतं काय? तोंड! त्रेपन्न-चोपन्न सालची गोष्ट. मी पुण्याच्या एका इस्पितळात नर्स होते. आमच्या डॉक्टर मालतीबाई सुट्टीत चाकणच्या शाळेत मोतीबिंदूचं शिबिर भरवायच्या. बाकं हलवून वर्गांचे वॉर्ड करायचे.

*

पहिल्याच शिबिरात ऐन ऑपरेशनला दिव्याचं इंजिन बंद पडलं. टेबलावर आजोबा, डोळ्याला भूल दिलेली. मेकॅनिक आणायला माणूस धावला, पण बाई कसल्या थांबतात. म्हणाल्या, "टेबल व्हरांड्यात घ्या. उन्हाला इंजिन लागत नाही."

चौघांनी टेबल उचललं तसे आजोबा घाबरले. "मला घरला न्हेताय व्हय?"

मोतीबिंदू निघाला, टाके पडले, तेव्हा कुठे मेकॅनिक आला. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून! हे अब्बासभाई. देवी येऊन एक डोळा गेलेला, दुसऱ्यात पांढरं फूल पडलेलं. कांद्याच्या मार्केटातले ट्रक ते हातानं चाचपून दुरुस्त करायचे. इंजिन चालू झालं, पण बाईंनी त्यांना जाऊ दिलं नाही. टॉर्च घेऊन त्यांच्या डोळ्यात कितीतरी वेळ बघत राहिल्या.

*

त्याच शिबिरात एका दुपारी आचाऱ्यानं मिरच्यांची खमंग फोडणी घातली आणि ठसका थेट वॉर्डात शिरला. टाके ओले असताना शिंक आली तर डोळाच जायचा. बाई तशाच धावल्या, कढई उचलून अंगणात ठेवली आणि हुकूम सोडला, की शिबिर संपेपर्यंत फोडणी बंद.

दुसऱ्या दिवशी काळेवाडीच्या एका आजींनी बाईंचा हात धरला. "एक डोळा ठिवा अन् एक घ्या, पर आमटीला फोडणी द्या."

*

अब्बासभाईंना बाईंनी पुण्याला बोलावलं. मेलेल्या माणसाच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा काढून जिवंत माणसाच्या डोळ्यावर शिवायचा, ही शस्त्रक्रिया तेव्हा अगदी नवीन होती. बाई ती मुद्दाम शिकून आल्या होत्या. एका बेवारस माणसाचा डोळा मिळाला. पट्टी सुटली, अब्बासभाईंना खिडकी दिसली. पण पुढे तोही पडदा हळूहळू पांढरा होत गेला.

हे सांगायला बाई स्वतः गेल्या. अब्बासभाईंनी चाचपून स्टूल बाईंपुढे सरकवलं. मग म्हणाले, "बाई, एकदा खोलून इंजिन चाललं नाही तर मी पुन्हा खोलतो. तुम्ही पण खोला."

*

पण दुसरा डोळा मिळेना. बाई गावोगाव मागत फिरल्या. लोक म्हणायचे, पुढच्या जन्मी आंधळं यायचं का? रहाटणीच्या पारूबाईंनी मात्र ऐकून घेतलं आणि नवऱ्याला बजावून ठेवलं, मी गेले की माझे डोळे द्या.

त्या वारल्या तेव्हा भाऊबंद चिडले. त्यांचे यजमान किसनराव उंबऱ्यात बसून राहिले. पुण्याहून बाई येईपर्यंत त्यांनी कुणाला तिरडी उचलू दिली नाही.

या वेळी पडदा काचेसारखा राहिला. अब्बासभाईंनी बायकोला पाहिलं, स्वतःचे हात पाहिले, आणि मग डोळा कुणाचा ते विचारलं. बाईंनी किसनरावांना निरोप धाडला.

किसनराव आले, पण वॉर्डाच्या दारातच थबकले. आत अब्बासभाई कॉटवर बसून वाट बघत होते. मला वाटलं, म्हाताऱ्याचा धीर सुटला. मी म्हटलं, "बाबा, चला ना आत."

"जरा पानी द्या," ते म्हणाले.

मी तांब्या दिला. ते पाणी प्यायले नाहीत. त्यांनी तोंड धुतलं, मिशा पुसल्या, पटका सोडून नीट बांधला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"आता बरा दिसतोय न्हवं?" त्यांनी मला विचारलं. आणि जाऊन अब्बासभाईंच्या समोर बसले.