शून्यापासून भावोजी

आमचे भावोजी बसलेले उभ्या अंबरनाथात कोणी पाहिले नसतील. देवाने त्यांना गुडघे दिले ते फक्त जिने चढायला, असं आमची ताईच म्हणते. जेवतात ते ओट्याशी उभ्याने, पेपर वाचतात तो गॅलरीत फेऱ्या मारत. ताईला बघायला आले तेव्हाही चहाचा कप घेऊन आमच्या घरभर हिंडले. आईला वाटलं, हा मुलगी बघायला आलाय की ब्लॉक.

अंबरनाथ पूर्वेला एका फरसाणवाल्या शेठच्या दुकानावरच्या खोलीत ते नवशिक्यांना प्रोग्रामिंग शिकवायचे. त्यातही जीव लिस्टच्या इंडेक्सवर. रांगेतल्या वस्तूंचे नंबर शून्यापासून सुरू होतात, ही गोष्ट न कळणारा माणूस असू शकतो हेच त्यांना मान्य नव्हतं. "कितवा ते विचारू नकोस रे," मला सांगायचे, "पहिल्यापासून किती घरं लांब, ते विचार. पहिला स्वतःपासून किती लांब? शून्य. संपलं." संपायचं मात्र नाही. लग्नाच्या पंगतीत हे वाढप्यांच्या मागे मागे: "मायनस वनला पापड नाही मिळाला." मायनस वन म्हणजे रांगेतला शेवटचा, रांग कितीही लांब असो, तो न मोजता सापडतो. वाढप्यांना ओ की ठो कळायचं नाही, पण शेवटच्या पानावर पापड पडायचा.

एकदा उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये आम्ही केस कापायला गेलो. बाकावरचं एक गिऱ्हाईक खुर्चीत गेलं की भावोजी उरलेल्यांना एकेक जागा पुढे सरकवायचे. "पुढचा गेला, सगळ्यांचा इंडेक्स एकाने कमी. सरका." एक सिंधी आजोबा हलेनात. "साईं, मैं पंखे के नीचे बैठा हूँ, आपको क्या तकलीफ है?" मला आजोबांचं पटलं. भावोजींना अजून पटलेलं नाही.

पुढे मुलं मोबाइलवरच शिकू लागली आणि बाक रिकामे होत गेले. यंदा शेठने सांगून टाकलं, नवी बॅच जमली तर ठीक, नाहीतर खोली गोडाऊनला घेतो. बॅच सुरू व्हायच्या दिवशी मी सोबतीला गेलो. बाकावर बसायला लागलो तर म्हणाले, "तू घरचा, तुला मोजायचं नाही." मग खिडकी ते फळा, फळा ते खिडकी. जिन्यावर पाऊल वाजलं की थांबायचे. ते पाऊल वरच्या मजल्यावर निघून जायचं. "रिकाम्या लिस्टचा पहिला मागितला की एरर येते," हळूच म्हणाले. "तिथे शून्यसुद्धा नसतो." मला फार वाईट वाटलं.

आणि ताई आली. जन्मभर "तुमचं ते शून्य घराबाहेर ठेवा" म्हणणारी ताई भाजीची पिशवी खाली ठेवून पहिल्या बाकावर बसली.

"शिकवा," म्हणाली. "आणि फेऱ्या मारू नका, मला गरगरतं."

भावोजींनी फळ्यावर कंस काढून आत तिचं नाव लिहिलं. "लिस्टमध्ये एकच असला ना," ते म्हणाले, "की शून्यही तोच आणि मायनस वनही तोच." खडू ठेवला आणि ते तिच्या शेजारी बाकावर बसले.

खोली गेलीच. आता तिथे शेवेचे डबे आहेत आणि भावोजी पुन्हा घरभर फिरताहेत. संध्याकाळी ताई गॅलरीत दोन खुर्च्या टाकते. एक रिकामीच राहते, पण मी उचलायला गेलो की म्हणते, "असू दे रे."