संदर्भसूचीत मायचं नाव

"मॅडम ने तो अपनी माताजी को हिरोइन बना दिया."

माझे गाईड सर भर सेमिनारमध्ये हे बोलले. माझ्या पेपरची संदर्भसूची त्यांनी पडद्यावर मोठी करून लावली होती. एका माहितीपटाच्या नोंदीत पहिलं नाव दिग्दर्शिकेचं नव्हतं, गयाबाईचं होतं. गयाबाई माझी माय. आडनाव सारखं, म्हणून लगेच कळलं. सगळे हसले. रोज माझ्या डब्यातली चटणी मागून खाणारी मुलगी, तीही हसली. मी मान खाली घातली. एवढं शिकून, गाव सोडून चंदीगडच्या विद्यापीठात येऊन, पुन्हा मान खालीच.

माहितीपट आमच्याच वस्तीवरचा. मी तेव्हा सातवीत होते. माय गावातली गटारं साफ करायची. शूटिंगवाले येणार म्हणून तिनं नवे कप आणले. चहा कुणीच घेतला नाही. आत्ताच झालाय म्हणाले, सगळेच. आवाज तपासायला त्यांनी तिला नाव सांगायला लावलं. मायनं पदर नीट करून नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं. नेमकं तेवढंच कापलं. बाकी ती खूप बोलते त्यात, तिच्या बोलण्यावरच तो सिनेमा उभा आहे. शेवटी गाडीच्या ड्रायव्हरचं नाव येतं, लॉजच्या मालकाचे आभार येतात. मायच्या चेहऱ्याखाली नुसतं 'सफाई कामगार स्त्री'.

तो सिनेमा मी पहिल्यांदा इथं विभागातच बघितला. बाहेर येऊन मायला फोन केला. तिनं विचारलं, "माझं नाव आलं का गं?"

"नाही माय."

"बरं. ऱ्हाऊ दे." मग जेवलीस का म्हणाली. त्याच हिवाळ्यात ती गेली. ते 'ऱ्हाऊ दे' माझ्या उरात रुतून बसलंय.

म्हणून मी नियम शोधला. सिनेमातल्या ज्या माणसाच्या कामाबद्दल तुम्ही लिहिता, त्याचं नाव नोंदीत आधी टाकता येतं. आमच्या विभागात संदर्भ देण्याची जी पद्धत वापरतात तिच्यात हे स्पष्ट आहे. नटांवर लिहिताना सर स्वतः तसंच करतात. माझा अख्खा पेपर मायच्या बोलण्यावर होता. नटाला चालतं ते गटार उपसणारीला का चालत नाही?

सेमिनारनंतर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. तिथं ते मराठीत बोलू लागले. सर मूळचे पुण्याकडचे. इथल्या मराठी लोकांच्या गणपतीत स्वतः मोदक वाढतात.

"तू आपल्याकडची म्हणून सांगतो. इतकं भावनिक होऊ नये. दिग्दर्शिकेचं नाव पुढे घे, आईला आभारात टाक. नाहीतर पेपर विभागाच्या अंकात जाणार नाही."

मनीमाजऱ्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर येऊन मी नाव खोडलं. खरंच खोडलं. पेपरच्या मजकुरातूनही काढलं आणि वाचून बघितलं. 'एक स्त्री म्हणते.' हे मी लिहिलेलं. तिच्या पोटच्या पोरीनं. मग मी ढसाढसा रडले. घरमालकीण जिन्यातून विचारत होती, "क्या हुआ बेटा जी?" तिला काय सांगणार?

सकाळी नाव परत लिहिलं आणि कागद सरांच्या पुढ्यात ठेवला.

"सर, आभार मानायचे तर सिनेमावाल्यांनी मानायचे होते. आईचं नाव जिथं आहे तिथंच राहील."

"करिअर वाया घालवशील."

"घालवीन."

पेपर अंकात आला नाही. गाईड बदलून मागितलाय, मिळेल की नाही ठाऊक नाही. आणि छापून आला असता तरी दाखवू कुणाला? माय नाही. हे दुःख भरून येणारं नाही, मी तशी आशाही धरत नाही.

पण असे कितीतरी सिनेमे आहेत, ज्यात आमची माणसं बोलतात आणि बिननावाची राहतात. आता एकेक सिनेमा हुडकून काढीन. त्या त्या वस्तीत जाईन, दारं वाजवीन, विचारीन, हा कोण, ही कोण. माझ्या लिखाणात त्यांचं नाव पहिलं येईल. त्यासाठी कुणाची परवानगी मागणार नाही.