बिनकाठाचं कापड

छोटबउनं भरलेली सुताची कांडी आमच्या विणकरांच्या तांतीपाड्यात डोळे मिटून ओळखावी. बोटात घेतली की कळायचं. सूत कसं अंगाबरोबर बसलेलं, कुठं ढिलं नाही, कुठं फुगलेलं नाही. आणि गाठ? गाठ शोधून दाखवा! भरताना सूत तुटलं की बाकीच्या बायका पटकन गाठ मारून मोकळ्या होत. छोटबउ रहाट थांबवी, दोन्ही टोकांना लाह्यांची खळ लावी, मांडीवर वळ देऊन ती एकजीव करी आणि मगच पुढं जाई. वेळ लागायचा. पण तिला कसली घाई होती?

तिचं खरं नाव नीरदा. बसाकांच्या घरात धाकटी सून म्हणून आली आणि छोटबउ झाली ती कायमचीच. नवरा सुबल, त्याचा थोरला भाऊ श्रीदाम, श्रीदामची बायको मोक्षदा, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर सासू. लौहजंग नदीच्या काठावरचं घर, ओसरीत दोन माग. पोर ना छोटबउला झालं ना मोक्षदेला, म्हणून घरात कायम मागांचाच काय तो आवाज.

दिवसाउजेडी चारचौघांत नवऱ्याशी बोलायची चोरी. थोरल्या दिरासमोर तर पदर नाकापर्यंत, आणि तोंडातून शब्द काढला तर घराची अब्रूच गेली. मग ही बाई बोलायची कुणाशी आणि कधी? सांगतो. सुबल खड्ड्यात पाय सोडून मागावर बसे. त्याच्या मागं, डाव्या अंगाला, रहाट घेऊन ही. धोट्यातली कांडी संपत आली की तो मागं न बघता हात पसरी. ही त्या तळव्यावर भरलेली कांडी ठेवी. तो बोटांनी ती एकदा चाचपी, मग धोट्यात घाली. दिवसातून कितीदा तरी. तिचा सगळा संसार त्या पसरलेल्या तळव्यावर चालला होता, आणि देवाशपथ सांगतो, सोन्यानाण्यानं मढलेल्या बायका नसतील इतकी ती सुखात होती.

मोक्षदेला ते दिसत नव्हतं थोडंच! श्रीदाम कांडीसाठी हात पसरत नसे, नुसता खेकसत असे.

“काय गं छोटे,” मोक्षदा म्हणायची, “आज किती वेळा हात धरला तुझ्या कृष्णानं?”

“कांडी घेतली, दिदी. हात कुठं धरला?”

“तेच ते. आमच्या नशिबी तेवढंही नाही बाई!”

हसायची, पण हसताना तिचे डोळे हसत नसत.

मग सुबलला विषमज्वर झाला. ताप उतरायचं नाव घेईना. वैद्यबुवा येत, नाडी बघत आणि सासूला बाजूला घेऊन हळू बोलत. सुबलची शुद्ध येऊनजाऊन होती. छोटबउ उशाशी बसून बार्लीचं पाणी चमच्यानं घाली, ओठांतून गळलेलं पुशी. एका सकाळी मोक्षदा दारात आली. तिच्या हातात सुताच्या लड्या होत्या, सगळ्या पांढऱ्या.

“कांड्या भरायच्यात. तुझ्या थोरल्या दिरांनी मागावर ताणा लावलाय.”

“आणि काठाचं सूत, दिदी? लाल की निळं?”

मोक्षदेनं लड्या तिच्या पायाशी ठेवल्या.

“काठाचं सूत कुठाय, दिदी?”

“काठ नाहीये त्याला,” मोक्षदा म्हणाली.

छोटबउच्या हातातला चमचा वाटीत पडला. बिनकाठाचं पांढरं कापड कुणासाठी विणतात हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. समोर नवरा श्वास घेतोय, छाती खालीवर होतेय, आणि ओसरीत त्याच्या विधवेचं लुगडं मागावर चढलंय!

सासूचं यात एक जुनं दुखणं होतं. सासरे गेले तेव्हा घरात पांढरं कापड नव्हतं. जुन्या साडीचे काठ टराटरा फाडून तीच हिला नेसवली होती, आणि उभा पाडा तोंडाला पदर लावून हसला होता: तांत्याच्या घरात विधवेला कापड मिळेना! ते तिच्या काळजात रुतून बसलेलं. आता पुन्हा शोभा नको म्हणून तिनं थोरल्याला कामाला लावलं होतं. पोटच्या पोरासाठी रडतही होती आणि कापडाची तयारीही करत होती. काय म्हणावं अशा आईला? मला तर आजही शब्द सापडत नाही.

“दिदी, तू भर ना कांड्या. माझ्याच्यानं नाही व्हायचं.”

“मी? छे गं बाई! मलाही कपाळ आहे, कपाळावर कुंकू आहे. त्या सुताला मी हात लावणार नाही. ज्याचं त्यानं करावं.”

थोरल्या दिराला नाही म्हणायचं तर त्याच्याशी बोलायला हवं, आणि बोलायची सोय नव्हती. छोटबउनं रहाट ओढला. आणि त्या दिवशी तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. धड असलेलं सूत नखानं तोडलं आणि गाठ मारली. पुन्हा तोडलं, पुन्हा गाठ. तिच्या मनानं घेतलं होतं की हे कापड जोवर पुरं होत नाही तोवर यम दारात उभा राहील, पण आत यायचा नाही. मग होऊच द्यायचं नाही पुरं! गाठ धोट्यात अडके, सूत ताडकन तुटे, माग थांबे. श्रीदाम ओरडे, “हे सूत आहे की काथ्या? सांग तिला, आई!” माग थांबला की आत छोटबउ नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून बघे. चालू आहे. आणखी एक दिवस मिळाला.

विणता विणता श्रीदाम रडकुंडीला आला. कापड अखेर मागावरून उतरलं तेव्हा सुबलचा ताप उतरून दोन दिवस झाले होते. त्यानं भात मागितला होता!

छोटबउला वाटलं, आपण जिंकलो. वेडी कुठली.

काठी टेकत सुबल ओसरीत आला तेव्हा ते कापड घडी करून फळीवरच होतं. कुणाला सुचलं नाही लपवायचं. तांत्याचा हात, कापड दिसलं की आपोआप जातो. त्यानं घडी उलगडली. काठ शोधला. या टोकाला नाही, त्या टोकाला नाही. मग तो कापड घेऊन खाली बसला.

“कुणासाठी विणलंत हे?”

सासू पदरात तोंड घालून रडायला लागली. श्रीदाम उठून नदीवर गेला. सुबल बोटांनी कापड चाचपत राहिला, गाठीमागून गाठ.

“कांड्या कुणी भरल्या?”

मोक्षदाच पुढं झाली. “जिच्यासाठी होतं तिनंच. आता तिला दोष नको देऊ, भावजी. घाबरलेल्या माणसाला घाई होते. घाई झाली की हाताला गाठी मारायची सवय लागते.”

झालं. इतकंच बोलली ती, आणि तेही किती मायेनं!

रात्री छोटबउनं नवऱ्याचे पाय धरले. “तुमच्यासाठी मारल्या हो गाठी! कापड संपू नये म्हणून मारल्या.”

सुबल छताकडं बघत पडला होता. “लग्न झाल्यापासून तुझ्या सुतात एक गाठ मला लागली नाही,” तो म्हणाला. “माझ्याच मरणाच्या वेळी बरं तुझे हात घाईला आले.”

“घाई नव्हती ती!”

“पाय सोड. झोपू दे मला.”

दुसऱ्या दिवसापासून सुबलच्या कांड्या मोक्षदा भरू लागली. छोटबउच्या वाट्याला लाह्या कुटणं, खळ शिजवणं, लड्या बांबूवर वाळत घालणं आलं. तिनं सुताला खळ लावावी, पण कांडी भरू नये. अंगणातून तिला दिसे, सुबल हात मागं पसरतोय आणि मोक्षदा त्यावर कांडी ठेवतेय. ढिली, फुगलेली, गाठींची कांडी! तो चाचपतही नसे, तशीच धोट्यात घाली. त्यानं दुसरी बायको केली नाही, हिला कधी मारलं नाही, ताटातलं काही कमी केलं नाही. नुसता तो हात काढून घेतला. अशा शिक्षेची दाद कुणाकडं मागायची? माहेरी जाऊन काय सांगायचं, नवरा माझ्याकडून सूत घेत नाही?

ते बिनकाठाचं कापड सासूनं पेटीत ठेवलं होतं. एका पावसाळ्यात उंदरांनी त्याची चाळण केली. छोटबउला वाटलं, बरं झालं, पण बरं काहीच झालं नाही.

वर्षं गेली. छोटबउचे केस कानाजवळ पांढरे झाले. आणि मग श्रीदामनं अंथरूण धरलं. पोट फुगलं, पाय सुजले, आणि त्याच वैद्यबुवांच्या मुलानं सासूला बाजूला घेतलं. म्हातारी आता वाकून जमिनीला टेकली होती, पण डोकं शाबूत. तिनं सुबलला बोलावलं आणि पांढरा ताणा लावायला सांगितलं. मोक्षदा नवऱ्याच्या उशाशी, तिला हे सांगायचं कसं? कांड्या कोण भरणार?

सुबल मागावर बसला. रिकामा धोटा हातात घेतला. मग मागं न बघता म्हणाला, “रहाट घे.”

छोटबउच्या हातातलं खळीचं मडकं तिनं ठेवलं की टाकलं, तिलाच कळलं नाही. पदराला हात पुसत ती धावली. त्याच जागेवर बसली, डाव्या अंगाला. सूत कुणासाठी हे तिला कळत होतं. आपण कुणाच्या कपाळावरचं कुंकू रहाटावर गुंडाळतोय हेही कळत होतं. पण मन कुठं ऐकतंय! आत नुसत्या उकळ्या फुटत होत्या. घरात माणूस मरत होतं आणि ही बाई नव्या नवरीसारखी लाजत होती.

दुपारी सुबल आंघोळीला गेला आणि मोक्षदा बाहेर आली. मागावरचं पांढरं बघितलं. काठ शोधला. मग तिनं छोटबउचे दोन्ही हात धरले.

“छोटे, गाठी मार.”

“काय?”

“तू मारल्या होत्यास तशा. तुझा नवरा वाचला ना? माझाही वाचेल. तोड ते सूत, गाठी मार, पाया पडते तुझ्या!”

छोटबउ तिच्याकडं बघतच राहिली. “म्हणजे तुला ठाऊक होतं? दिदी, तुला तेव्हा ठाऊक होतं मी कशाला मारत होते?”

“न कळायला मी काय आंधळी आहे? सगळं दिसत होतं मला. तुमचं ते हात पसरणं पण दिसत होतं, रोज!” मोक्षदेनं तिचे हात आणखी आवळले. “चुकलं माझं. सांगीन मी भावजीला. तू आधी गाठी मार.”

“आधी सांग.”

“आधी मार गं! माणूस जातोय माझं!”

“माझंही गेलं होतं, दिदी. तू घालवलंस. आधी सांग.”

आतून श्रीदाम कण्हला आणि मोक्षदा पळाली.

छोटबउनं सूत नखात धरलं. खोटं कशाला बोलू, तोडणारच होती ती. दिदीचं माणूस वाचत असेल तर वाचू दे, असंही तिच्या मनात आलं होतं. तेवढ्यात सुबल ओल्या केसांनी येऊन मागावर बसला. धोटा चालला, कांडी संपत आली, आणि तो हात मागं आला. पसरलेला. इतक्या वर्षांनी. त्या तळव्यावर गाठीची कांडी ठेवायची? पुन्हा? तिच्यानं झालं नाही. तिनं चांगली कांडी ठेवली. त्यानं बोटांनी चाचपली, क्षणभर थांबला आणि धोट्यात घातली.

त्यानंतर एकही सूत तिनं तोडलं नाही. आपणहून तुटलं तेव्हा रहाट थांबवून, खळ लावून, मांडीवर वळ देऊन जोडलं. माग एकदाही अडला नाही. सुबलच्या हातून असं कापड कैक वर्षांत उतरलं नव्हतं. ज्या संध्याकाळी उतरलं त्याच रात्री श्रीदाम गेला, आणि पाड्यातल्या बायका म्हणाल्या, बघा, घरात कापड तयार होतं, तांत्याचं घर असावं तर असं.

श्राद्ध उरकल्यावर चौघं ओसरीत बसली होती. मोक्षदा खांबाला टेकून, त्या पांढऱ्या कापडात, हात मोकळे, कपाळ मोकळं. सुबल तिच्या अंगावरच्या कापडाकडं बघत होता.

“एक गाठ नाही यात,” तो म्हणाला. बायकोशी बोलत होता, पण बघत होता कापडाकडंच. “दादाच्या मरणाला तुला वेळच वेळ होता. माझ्याच मरणाला घाई होती.”

छोटबउ उठली. सासूसमोर, नवऱ्यासमोर, पदर खांद्यावर पडलेला. मोक्षदेपुढं जाऊन गुडघ्यावर बसली. “दिदी, सांग. तूच म्हणालीस ना त्या दिवशी? मी गाठी कशाला मारल्या होत्या ते सांग यांना. आता तरी सांग!”

मोक्षदेनं स्वतःच्या मांडीवरच्या कापडावरून तळहात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. कुठंच अडला नाही.

“काय सांगू?” ती म्हणाली. “घाईच होती तुला, छोटे.”

सुबल उठून मागावर गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या कांड्या पुन्हा मोक्षदाच भरू लागली, आणि अंगणात सौभाग्याच्या शंखाच्या बांगड्या वाजवत छोटबउ लाह्या कुटत राहिली.