घड्याळ उसात हिंडतंय

नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कसबा बावड्यातली ती रिकामी फिरणारी पेटी मात्र अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

थंडीचे दिवस होते. साखर कारखान्याचा हंगाम जोरात होता आणि सगळ्या बावड्यावर उकळत्या रसाचा गोडसर वास साचला होता. त्या वासाने माणसाला भर दुपारी गुंगी येते. आमचे ठाणे अंमलदार तर स्टेशन डायरी लिहितानाही डुलक्या काढायचे. अशाच एका दुपारी पुण्यात नोकरी करणारा एक मुलगा तावातावाने ठाण्यात शिरला. त्याच्या दिवंगत वडिलांचं घड्याळ घरातून चोरीला गेलं होतं.

घड्याळ त्यानेच वडिलांना परदेशातून आणलेलं. त्याला ना सेल, ना चावी. हाताच्या हालचालीवर चालणारं. काढून ठेवलं तर एकदोन दिवसांत बंद पडतं. वडील गेल्यावर ते बंद पडू नये म्हणून मुलाने विजेवर चालणारी पेटी आणून आईजवळ ठेवली होती. पेटीतल्या उशीला घड्याळ बांधायचं आणि उशी आपली हळूहळू फिरत राहते. मुलगा त्या दिवशी न कळवता गावी आला, तर घड्याळ गायब.

पंचनाम्याला गेलो. पुढच्या सोप्यात वडिलांचा फोटो, फोटोखाली ती पेटी. काचेआड मखमली उशी एकटीच फिरत होती, जरा थांबत होती, पुन्हा फिरत होती. मी पंचनाम्याचं विसरून तिच्याकडेच पाहत उभा राहिलो. आमचे हवालदार अस्सल कोल्हापुरी. ते कानाशी म्हणाले, "पाळणाच की ह्यो, साहेब. फकस्त बाळ न्हाई."

कुलूप शाबूत, कपाटांना हात नाही. मुलाची आई दाराला टेकून उभी होती. काहीही विचारलं की एकच उत्तर, "मला काय ठावं न्हाई." मुलाचा संशय शेतावरच्या गड्यावर. घरात मोकळेपणाने येणारा बाहेरचा माणूस तेवढाच. वडिलांच्या हाताखाली त्याची उमर गेली होती. मुलाच्या फिर्यादीवरून गुन्हा दाखल केला.

दुसऱ्या दिवशी खबर आली. कारखान्याच्या रस्त्यावरचा आमचा एक चहावाला खबऱ्या होता, बोलण्यात भारी तिरकस. फोनवर म्हणाला, "तुमचं घड्याळ उसात हिंडतंय, साहेब. आवंदा उसालाबी टाइम बघायची हौस आलीया."

गेलो. उसाला तुरे आले होते आणि वाऱ्याने सगळा फड सावकाश डोलत होता. गडी पाटाचं पाणी फिरवत होता. अंगात मळका सदरा आणि मनगटावर ते चकाकणारं घड्याळ. आम्हाला पाहून तो पळाला नाही. हात धुतले, सदऱ्याला पुसले आणि गाडीत येऊन बसला. चोरीचा माल उघड्या हाताने मिरवणारा चोर मी तरी पाहिला नव्हता.

ठाण्यात त्याला समोर बसवलं. "घड्याळ चोरलंस?"

"चोरलं म्हणून ल्ह्या की."

"कुठून उचललंस?"

"कपाटातनं."

"कुठल्या कपाटातनं?"

"असंल कुठलं तरी."

मला चीड आली. मी टेबलावर हात आपटला, आवाज चढवला. खोटी कबुली देणारी माणसं मी पाहिली होती. कुणी माराला भिऊन देतं, कुणी भावाला वाचवायला. हा मात्र भ्यालेला दिसत नव्हता.

पंचांसमोर जप्ती झाली. हवालदारांनी घड्याळ कागदात गुंडाळून सील करायला लाख वितळवली, तसा हा माणूस पहिल्यांदा हलला. चक्क हात जोडले त्याने.

"सील करू नगासा, साहेब. बंद पडंल ते. मला आत घाला, पर त्ये कुणीतर हातात घाला की. सांजपातूर तरी घाला."

सगळे हसले. मीही हसलो. सील झालं, मुद्देमाल खोलीत गेलं. पण माझं मन काही कामात लागेना. स्वतःच्या अब्रूचं याला काही नाही आणि घड्याळ थांबेल म्हणून जीव कासावीस! हा चोर नव्हे, राखणदार आहे, असं मला वाटू लागलं. मग राखायला दिलं कुणी?

मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो. आई आणि मुलगा दोघेही समोर होते. मी एवढंच सांगितलं, "घड्याळ मिळालं. सील केलंय. कोर्टाचा हुकूम होईपर्यंत बंद राहील. आणि तुमच्या गड्याला आज अटक दाखवावी लागेल."

बाई पुढे आल्या.

"त्याला सोडा. मीच दिलंय."

मुलगा ओरडला, "आई, काय बोलतेस?"

"तुझ्या बाबांना शेवटी शेवटी चक्कर यायची रं. पलंगावर उठून बसले की म्हणायचे, घर फिरतंय, मला धर. आन तू त्यांचं घड्याळ फिरत्या पेटीत बांधलंस. दिसभर माझ्या डोळ्यांम्होरं गरगर, गरगर. मला बघवंना."

आधी त्यांनी स्वतःच हातात घालून पाहिलं होतं. पण गुडघ्यांमुळे त्यांचं चालणं सोप्यापासून मागच्या परड्यापर्यंत. घड्याळ बंद पडायचं. मग त्यांनी गड्याला गळ घातली. सकाळी हातात घाल, मालक हिंडायचे त्या बांधावरून हिंडवून आण, दिवेलागणीला परत दे. रात्री त्या ते उशाशी घेऊन झोपायच्या.

"आन पेटी रिकामी कशाला चालू ठेवलीस?" मुलाने विचारलं.

"तू फोनवर रोज इचारायचास, पेटी चालू हाय न्हवं? खोटं कसं बोलू?"

नवऱ्याचं घड्याळ परक्या पुरुषाच्या हातात घातलं म्हटल्यावर भावकी काय काय बोलेल, याची त्यांना धास्ती होती. त्याहून मोठी धास्ती, पोराने इतक्या मायेने आणलेली पेटी आपल्याला सोसवत नाही हे त्याला कळेल याची. म्हणून गड्याला मालकाची शपथ घातलेली. मुलगा अचानक आला तेव्हा घड्याळ शेतात होतं, आणि तो घरात असताना ते परत आणता येईना. बाई घाबरून एकदा 'ठावं न्हाई' म्हणाल्या आणि मग त्यातच अडकल्या. बिचारा गडी शपथेपायी चोर व्हायला निघाला होता.

गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून मी 'क' समरी अहवाल न्यायालयात पाठवला. घड्याळ परत द्यायचा हुकूम झाला तेव्हा तिघेही ठाण्यात आले. घड्याळ अर्थातच बंद पडलेलं होतं. बाईंनी ते पदराने पुसलं आणि भर ठाण्यात, पाचपन्नास डोळ्यांदेखत गड्याला म्हणाल्या, "हात कर म्होरं." तो लाजून मागे सरला. तेव्हा मुलाने आईच्या हातातून घड्याळ घेतलं आणि स्वतः त्याच्या मनगटावर बांधलं.

"चुकलं माझं, काका," तो म्हणाला. मग जरा घुटमळून, "बाबा कुठल्या बांधावरनं जायचे?"

"चला की. दावतो."

दोघे निघाले. मुलाने आईकडे पाहिलं, तर त्या म्हणाल्या, "व्हा तुम्ही फुडं. मी बसते जरा."

गुन्हेगार खरं का लपवतो, हे शोधण्यात माझी नोकरी गेली. भीती आणि लोभ एवढी दोनच कारणं मी धरून चालत असे. समोरच्याला लागू नये म्हणूनही माणसं खरं गिळून बसतात, मग तुरुंगात जायची पाळी आली तरी, हे त्या प्रकरणाने मला शिकवलं. त्यानंतर कुणी हटवादीपणाने गप्प बसला की मी टेबलावर हात आपटण्याआधी एकदा विचार करायचो, याच्या खऱ्याने दुखावणार कोण?

त्या दिवशी बाईंना माझ्या केबिनमध्ये बसवून मी चहा सांगितला आणि जीपने सोडतो म्हणालो. त्यांनी मान हलवली.

"जीप नगं, साहेब. घरी पोरगं यील आता. त्याच्याम्होरं रडाय येत न्हाई. हितं जरा रडून घेऊ व्हय?"

मी समोरच्या फायली उचलल्या, बाहेर आलो आणि माझ्या केबिनचं दार ओढून घेतलं.