ओट्याओट्यानं

माझ्या बाबांना दिसत नव्हतं, पण लातुरात ते एकटे फिरायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण आंधळा म्हटलं की लोकांचा आवाज लगेच मऊ होतो आणि मला त्याची चीड येते. बाबा बिचारे वगैरे नव्हते. पक्के हट्टी होते. रस्त्यात कुणी दंड धरला की झटकून टाकायचे. "सोड की! चोर धरल्यागत काय धरतोस?"

बहात्तरच्या दुष्काळात ते खडी फोडायच्या कामावर होते. त्या साली शिवारात काही पिकलं नाही आणि आम्हाला तर स्वतःचं रानही नव्हतं. हातोड्याखालची कपची उडाली ती थेट डोळ्यात. तो डोळा गेला आणि त्याच्या मागोमाग दुसराही गेला. मला कडेवर घेऊन आणि बाबांना हाताला धरून माय लातूरला आली. पुढं बाबा नांदेडला जाऊन राहिले आणि वेताच्या खुर्च्या विणायला शिकून आले. विणकाम असं घट्ट की बोट दाबून बघा, हलायचं नाही.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा चौकात पेढे वाटले. माय म्हणाली, "आपल्याला काय त्याचं?"

बाबा हसले. "येडी हायस का? जिल्हा म्हंजे साहेब आले. साहेब आले म्हंजे खुर्च्या आल्या. आन बसून बसून खुर्च्या फाटत्यातच की!"

तसंच झालं. एका नव्या कचेरीत त्यांना काम मिळालं. मागच्या व्हरांड्यात बसून दिवसभर विणायचं. दुष्काळानंतर इतक्या वर्षांनी बाबा पुन्हा 'कामावर' जायला लागले. सकाळी अंघोळ करून, पांढरं धोतर नेसून, डोक्याला तेल लावून निघायचे तेव्हा मला इतका अभिमान वाटायचा की मी उगाच दारात उभी राहायचे.

घरापासून कचेरीपर्यंतचा रस्ता अरुंद. दोन्ही बाजूंना दुकानांचे ओटे. बाबा एका हातात काठी धरायचे, दुसरा हात ओट्यांवरून फिरवत जायचे. पिठाच्या चक्कीची भिंत थरथरली की वळायचं. पुढं शिंप्याचा ओटा, शहाबादी फरशीचा, उन्हाळ्यातही गार. मग कडुलिंब, आणि त्याच्याखाली तासावर सायकली देणाऱ्या चाचांचं दुकान. चाचा पंक्चर काढता काढता ओरडायचे, "संभालके भाई, नाली खुल्ली है!"

"मालूम है चाचा, नालीचं भ्या न्हाई. तुमच्या सायकलीच आडव्या येत्यात!"

त्या रस्त्यानं सगळेच चालत होते. बाजाराला जाणाऱ्या बाया, शाळेची पोरं, मागं भावाला बसवून सायकल हाकणाऱ्या पोरी. एखादी बैलगाडी आली की सगळे ओट्यावर चढायचे आणि गाडी गेली की उतरायचे. त्यात आम्हाला काही अवघड वाटत नव्हतं.

पण जिल्ह्याच्या गावाला असला रस्ता शोभत नाही म्हणे. जीपगाड्या वाढल्या, ट्रक वाढले, स्कूटरी आल्या. कुणीतरी येऊन टेप लावून गेलं, चुन्याच्या रेघा मारून गेलं. सगळे म्हणत होते, होईल सावकाश. आणि एके दिवशी बाबा कामावर गेल्यावर बुलडोझर आला.

मी शाळेतून आले तेव्हा धुरळ्यानं काही दिसत नव्हतं. ओटे गेले होते. शिंप्याची फरशी गेली होती. कडुलिंब मुळासकट आडवा पडला होता आणि बायका फांद्या तोडून जळणाला नेत होत्या. मी दप्तर टाकलं आणि कचेरीकडं पळत सुटले, कारण बाबा निघायची वेळ झाली होती आणि त्यांना कुणी काही सांगितलं नसणार.

बाबा मला अर्ध्या वाटेत दिसले. हात बाजूला लांब केलेला आणि हाताखाली काही नाही. एक पाऊल बाजूला सरकायचे, पुन्हा हात पुढं करायचे. पुन्हा एक पाऊल. असे सरकत सरकत ते रस्त्याच्या मधोमध चालले होते आणि त्यांना वाटत होतं की ओटा आता लागेल, आता लागेल.

मी पोचायच्या आधी चाचा पोचले. स्वतःचं दुकान मोडून पडलेलं, पण एक सायकल हाताशी होती. त्यांना बाबांचा स्वभाव ठाऊक. त्यांनी दंडाला हात लावला नाही. सायकलचं कॅरिअर बाबांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "चलो भाई, आज सायकल तुमको घर छोडती." बाबा कॅरिअर धरून सायकलीच्या मागं मागं घरी आले.

माय रडून थांबणारी बाई नव्हती. तिनं मला आणि चाचांना घेऊन पडक्या ओट्यांचे दगड गोळा केले आणि नालीच्या अलीकडून एक रांग लावली, शेताच्या बांधासारखी. बाबांनी काठी लावून बघितली. "बांध हाय की गं हा!" म्हणाले आणि चालायला लागले. बांधावरून चालायची त्यांना लहानपणापासूनची सवय. थोडे दिवस मजेत गेले. शाळेची पोरंसुद्धा त्या दगडांच्या आतूनच चालायची.

मग डांबर आलं. दगड उचलून फेकले. आम्ही पुन्हा मांडले, ते पुन्हा फेकले, कारण आता तिथं स्कूटरी लावायच्या होत्या. मी आणि माय एका साहेबाकडं गेलो. चालणाऱ्यांसाठी कडेला हातभर जागा ठेवा, एवढंच म्हणणं होतं. तो हसून म्हणाला, "बाई, एका माणसासाठी रस्ता अडवता येतो का?"

"एका कुठं? आम्ही सगळेच चालत जातो की!" माय म्हणाली. त्यानं घंटी वाजवून दुसऱ्याला आत बोलावलं.

मग मी बाबांना सोडायला जाऊ लागले. ते माझा खांदा धरायचे, पण हात असा हलका ठेवायचे की जणू धरलाच नाही. माझी शाळा बुडते हे त्यांना सलत होतं. एका सकाळी मी उठायच्या आत ते न सांगता एकटेच निघाले.

लोकांचा आरडाओरडा ऐकून मी धावले. बाबा भर रस्त्यात उभे होते. इकडून ट्रक, तिकडून जीप, सगळ्यांचे हॉर्न एकदम. काठी कुठं पडली होती देव जाणे. एक ड्रायव्हर डोकं बाहेर काढून ओरडत होता, "ए आंधळ्या, घरात मर ना!" बाबांना काही लागलं नव्हतं. पण त्यांचं पांढरं धोतर ओलं झालं होतं आणि ते दोन्ही हातांनी पुढून झाकायचा प्रयत्न करत होते.

घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "मायला सांगू नको, बाय."

त्यानंतर बाबा कचेरीत गेले नाहीत. नवी काठी आणली, ती दारामागं राहिली. मी किती विनवलं, भांडले, चिडले. "पाय दुखत्यात," म्हणायचे. कसले पाय दुखतायत! ते घाबरले होते आणि घाबरलो म्हणायची त्यांना लाज वाटत होती. खाटेवर बसून नुसती बोटं चोळत राहायचे. रस्ता मात्र छान झाला, असं सगळे म्हणत. खाटेवर बसल्या बसल्या बाबा हळूहळू म्हातारे होत गेले, आणि तसे ते फार वर्षं जगले.

ते गेले तेव्हा आम्ही त्यांना त्याच रस्त्यानं नेलं. त्रिसरण म्हणत सगळे मधोमध चालले होते. मीही चालले, बायकांनी मागं राहायचं वगैरे मी ऐकून घेतलं नाही. समोरून ट्रक आला, थांबला. जीप थांबल्या, रिक्षा थांबल्या. कुणी हॉर्न वाजवला नाही. एक पोरगा मोटारसायकल बंद करून खाली उतरला आणि हात जोडून उभा राहिला. चांगला पोरगा होता, त्याचं काही चुकलं नव्हतं. पण मला राहवलं नाही. त्याच्यासमोर थांबून मी म्हणाले, "आता कशाला थांबलास रे? आता त्यांना कुठं चालायचंय?"